परराज्यातला कामगार, स्थानिक कामगार आणि पगारातला फरक : त्यात शिक्षणाचा वाटा कसा काढायचा

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, पाळी बदलताना उभे राहिले, तर कामाची वाटणी डोळ्यांनी दिसते. फेटलिंग (कास्टिंग घासून साफ करणे), नॉकआउट (साचा फोडून कास्टिंग बाहेर काढणे), मोल्डिंग (वाळूचे साचे भरणे) यांवर बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, ओडिशातली मुले; मशीन शॉप, इन्स्पेक्शन, स्टोअरला बरीचशी आसपासच्या गावांतली. पगारात फरक आहे हे सगळ्यांना माहीत असते. कारण विचारले की ठरलेले उत्तर येते : त्यांचे शिक्षण कमी.

हे उत्तर तपासता येते. त्यात दोन वेगळे प्रश्न दडलेले आहेत. पहिला, दोन्ही गटांचे शिक्षण किती कमी-जास्त आहे. दुसरा, तेवढ्याच शिक्षणाला दोन्ही गटांना किती दर मिळतो. दहावी पास स्थानिक मुलाला दहावीमुळे ताशी बारा रुपये जास्त मिळत असतील आणि दहावी पास बिहारी मुलाला चारच, तर आणखी दहा जणांना दहावी करून फरक मिटणार नाही. बहुतेक अहवाल पहिल्या प्रश्नापाशी थांबतात, म्हणून पुढची सगळी पद्धत या दोहोंना वेगळे करण्यासाठी आहे. अर्थशास्त्राचे विद्यार्थी, युनियनचे कार्यकर्ते, कारखान्यातले एचआरवाले, कोणालाही ती जमेल. दोन-तीन माणसे, साधारण दोन महिने आणि एक स्प्रेडशीट एवढे पुरते.

स्थानिक कोणाला म्हणायचे

हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा, नाहीतर मुलाखत घेणारा प्रत्येक जण स्वतःचा नियम लावतो. जनगणनेत जन्मस्थान आणि मागचे राहण्याचे ठिकाण अशा दोन कसोट्या वापरतात. आपल्या कामाला तिसरी कसोटी जास्त महत्त्वाची आहे : शेवटचा वर्ग कुठल्या शाळेत पास केला. रेचेल फ्रीडबर्ग यांनी २००० साली इस्रायलमधल्या स्थलांतरितांवर केलेल्या अभ्यासात हेच दिसले, की बाहेरून शिकून आलेल्या वर्षांना इथे शिकलेल्या वर्षांपेक्षा कमी मोल मिळते. वडिलांसोबत सहाव्या वर्षी इचलकरंजीत आलेला, तिथल्याच हायस्कुलात शिकलेला मुलगा जन्माने उत्तर प्रदेशचा असला, तरी पगाराच्या हिशेबात तो स्थानिकासारखा वागतो. त्याला परराज्याच्या गटात टाकले, की फरक खोटा कमी दिसतो.

कोल्हापुरात सीमेची अडचण आहे. निपाणी, चिक्कोडीकडून कागलच्या वसाहतीत रोज ये-जा करणारा कामगार कागदोपत्री परराज्यातला ठरतो. पण तो रात्री घरी जेवतो, मराठी बोलतो, खोलीभाडे भरत नाही. त्याला स्थानिकात धरा. सोलापूर, बीड, लातूरकडून येऊन खोली घेऊन राहणाऱ्यांचा तिसरा गट करा. तो लहान निघेल, पण उपयोगी आहे : याच राज्यातले, मराठी बोलणारे, पण इथे ओळखपाळख नसलेले. त्यांचा दर स्थानिकांच्या जवळ असेल तर फरकामागे भाषा आणि बोर्ड शोधा. परराज्यातल्यांच्या जवळ असेल तर ओळखीपाळखी आणि ठेका शोधा.

ऊसतोड कामगार या पाहणीत घेऊ नका. तिथे कोयता म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी, मजुरी टनावर, आणि हंगामाआधी घेतलेली उचल वळती होत राहते. माणशी तासाचा दर काढताच येत नाही.

पगार तासावर आणा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. महिन्याचा पगार विचारून तुलना केली, तर कधी कधी परराज्यातला कामगारच जास्त कमावतो असे निघते. आकड्यांनीच पाहू, हे आकडे उदाहरणापुरते घेतलेले आहेत.

ठेकेदाराकडचा फेटलर बारा तासांची पाळी करतो, महिन्याला २६ दिवस, हातात रोख १९,५०० रुपये. मशीन शॉपमधला स्थानिक ऑपरेटर आठ तास, २६ दिवस, एकूण पगार १७,०००; त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,०००. त्याचा १२ टक्क्यांप्रमाणे १,८०० पीएफ कापला जातो, ०.७५ टक्क्यांप्रमाणे १२८ ईएसआय (कामगार विमा), २०० व्यवसाय कर. हातात येतात १४,८७२. दोघांना 'हातात किती पडतात?' एवढेच विचारले, तर फेटलर साडेचार हजारांनी पुढे.

आता तास मोजा. फेटलरचे तास ३१२, म्हणजे ताशी ६२ रुपये ५० पैसे. ठेकेदाराने फुकट खोली दिली असेल आणि तशी खोली बाहेर दीड हजाराला मिळत असेल, तर ते धरून २१,००० भागिले ३१२, ताशी ६७ रुपये ३० पैसे. ऑपरेटरचे तास २०८. एकूण पगारात मालकाने भरलेला १,८०० पीएफ मिळवला की १८,८००, म्हणजे ताशी ९० रुपये ४० पैसे. चित्र पूर्ण उलटले.

अजून एक पायरी चुकवू नका. आठवड्याला ४८ तासांवरच्या, म्हणजे सहा दिवस धरले तर दिवसाला आठ तासांवरच्या, कामाला कायद्याने दुप्पट दर आहे. फेटलरचे २०८ तास साधे आणि १०४ जादा. जादा तास दुप्पट धरले तर ४१६ साध्या तासांचे पैसे होतात. १९,५०० भागिले ४१६ म्हणजे साध्या तासाला ४६ रुपये ८८ पैसे, आठ तासांच्या दिवसाला ३७५. हा आकडा त्या महिन्यात लागू असलेल्या किमान वेतनाशी ताडून पाहा. किमान वेतनाचा विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो, म्हणून मागच्या वर्षीचा तक्ता वापरू नका, आणि कारखाना कुठल्या परिमंडळात येतो ते आधी बघून घ्या. आपल्या मुख्य हिशेबात मात्र प्रत्यक्ष तासांचाच दर घ्या. हा दुसरा दर वेगळ्या रकान्यात राहू दे.

मोल्डिंगला पेटीवर, म्हणजे भरलेल्या साच्यामागे, मजुरी असेल, तर टोळीचा हिशेब विचारा. समजा चौघांची टोळी बारा तासांत १६० पेट्या भरते, पेटीला १८ रुपये. २,८८० रुपये, माणशी ७२०, ताशी ६०. पण आठ पेट्या रिजेक्ट गेल्या आणि पैसे कापले, तर १५२ पेट्यांचे २,७३६, माणशी ६८४, ताशी ५७. रिजेक्शन कापतात का, हे न विचारता लिहिलेला दर नेहमी जास्त निघतो. वाळूत ओल जास्त राहून ब्लोहोल (कास्टिंगमधल्या हवेच्या पोकळ्या) आले, तर चूक वाळू तयार करणाऱ्या सँड प्लांटची असते आणि पैसे टोळीचे जातात. असे किती वेळा होते हेही विचारून ठेवा, कारण पेटीवरच्या मजुरीत शिकलेला आणि न शिकलेला दोघांचे सारखेच कापले जाते. इचलकरंजीच्या यंत्रमागावर हीच पाहणी करायची असेल, तर तिथे मजुरी ५२ पिकाचा (पीक म्हणजे कापडाच्या एका इंचातले आडवे धागे) दर धरून मीटरवर ठरते. पीक, मागांची संख्या आणि पाळीचे तास तिन्ही लिहिल्याशिवाय ताशी दर निघत नाही.

पैशाबद्दल विचारण्याचा क्रम असा ठेवा : मागच्या पूर्ण महिन्यात किती हजेऱ्या भरल्या, त्यातल्या बारा तासांच्या किती, आठच्या किती, जेवणाची सुट्टी सोडून प्रत्यक्ष काम किती, हातात किती पडले, उचल किती कापली, खोली, जेवण, प्रवास कोणाकडून, पीएफचा यूएएन (खात्याचा कायमचा क्रमांक) आहे का, आणि त्यावरचा मोबाइल नंबर स्वतःचा आहे का. उचल हा आधीच खाल्लेला पगार आहे, तो परत मिळवून धरा. पीएफ कापतात पण यूएएनला जोडलेला नंबर ठेकेदाराच्या माणसाचा, असे निघाले, तर ती रक्कम पगारात धरू नका. वेगळी नोंद करा. बँकेचा मेसेज कामगाराने आपणहून दाखवला तर बघा, मागू नका.

शिक्षण कसे लिहायचे

'किती शिकलास?' असे विचारले तर दहावी नापासही दहावी सांगतो. विचारायचे असे : शेवटची कुठली परीक्षा पास झालास, कुठल्या बोर्डाची, कुठल्या साली. राज्याराज्यांत नावे वेगळी असतात, म्हणून छोटा तक्ता मुलाखत घेणाऱ्याच्या खिशात हवा. बिहारचे मैट्रिक, उत्तर प्रदेशचे हाईस्कूल, बंगालचे माध्यमिक, कर्नाटकचे एसएसएलसी, या सगळ्या दहाव्या. इंटर, उच्च माध्यमिक, पीयूसी दुसरे वर्ष, ओडिशाचे प्लस टू, या बारावी. ओडिशात कोणी प्लस थ्री म्हणाला तर तो पदवीधर आहे. त्याला बारावीत टाकू नका. बिहारच्या मदरसा बोर्डाची फौकानिया दहावीच्या आणि मौलवी बारावीच्या बरोबरीची धरतात. ही नावे माहीत नसलेला मुलाखत घेणारा 'इतर' लिहून मोकळा होतो, आणि शिकलेले परराज्यातले कामगार हिशेबातून गायब होतात. पुढे निघणारा 'त्यांचे शिक्षण कमी' हा निष्कर्ष मग आपणच तयार केलेला असतो.

नापास असेल तर एक वर्ष कमी धरा : दहावी नापास म्हणजे नऊ वर्षे. आयटीआय दहावीनंतर धरा, फिटर, टर्नर, मशिनिस्ट दोन वर्षे, वेल्डर एक. डिप्लोमा दहावीनंतर तीन. वयस्कर स्थानिक कामगार 'मॅट्रिक' म्हणाला तर साल विचारा. १९७५ पूर्वीची मॅट्रिक अकरा वर्षांची होती.

शाळेची वर्षे आणि शाळेत आलेले ज्ञान सारखे नसते. म्हणून दोन मिनिटांची चाचणी ठेवा. व्हर्नियरच्या (बारीक मापे घेण्याच्या साधनाच्या) स्केलचे एक छापील चित्र वाचायला द्या, २४० नगांपैकी ६ टक्के रिजेक्ट म्हणजे किती नग, हे विचारा (उत्तर १४.४, 'चौदा' चालेल), आणि कामगाराच्या स्वतःच्या लिपीतली चार ओळींची सूचना वाचून घ्या. तीनपैकी किती जमले एवढाच गुण. हा गुण नसेल तर शेवटी वाद अडतो : कोणी म्हणणार तिकडच्या शाळा वाईट, कोणी म्हणणार इथले मालक दुजाभाव करतात, आणि दोघांच्या हातात पुरावा काहीच नाही.

मराठी किती समजते, हे चार पायऱ्यांत लिहा : अजिबात नाही, कामापुरते, बोलतो, वाचतोही. प्रमाणपत्र कुठे आहे हेही विचारा. बऱ्याच मुलांचे आयटीआयचे प्रमाणपत्र गावी पेटीत पडलेले असते, आणि कागद नाही म्हणून भरती अकुशल म्हणून होते. हे शिक्षण पाहणीत आयटीआय म्हणूनच लिहायचे, कारण त्याचा दर का मिळाला नाही हाच तर आपला प्रश्न आहे.

कोणाला आणि कुठे विचारायचे

बारा कारखाने, प्रत्येकी वीस कामगार, एकूण २४० ही किमान सुरुवात. कारखाने लहान-मोठे मिसळून घ्या. एकाच मोठ्या ग्रुपचे चार कारखाने म्हणजे चार नव्हेत. शिक्षणाचे तीन वर्ग करा : आठवीपर्यंत, दहावी-बारावी (नववी नापास-पासही यातच), आयटीआय-डिप्लोमा. पदवीधर निघाले तर वेगळे लिहा आणि संख्या दहाच्या खाली असेल तर मुख्य तक्त्यात मिळवू नका.

परराज्यातल्यांत आयटीआयवाले कमी सापडतात. सरसकट १२० घेतले तर दहा-बाराच येतील, आणि एवढ्यांच्या सरासरीला अर्थ नाही. म्हणून ते शोधून तीस करा, आठवीपर्यंतचे ४०, दहावी-बारावीचे ५०. स्थानिकांत आठवीपर्यंतचे ३०, दहावी-बारावीचे ४५, आयटीआय-डिप्लोमाचे ४५. मात्र गटात कोणाचे प्रमाण किती, हे या संख्यांवरून काढू नका. ते काढण्यासाठी आधी खोल्यांवर फिरून साधी यादी करावी लागते : नाव नको, फक्त राज्य आणि शेवटची परीक्षा.

मुलाखत कारखान्याच्या गेटवर किंवा ठेकेदाराच्या समोर घेतली तर सगळ्यांचा पगार सारखा निघेल. खोलीवर, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, दुपारी जेवणानंतर जा. हिंदी नीट बोलणारा माणूस सोबत हवा. ठेकेदाराने दिलेली नावे घेऊ नका. होळी, दिवाळी-छठ आणि लग्नसराईच्या आठवड्यांत खोल्या अर्ध्या रिकाम्या असतात, आणि त्या दिवसांत मागे राहतात ते बहुधा नवे, उचल न फिटलेले. त्यांच्यावरून सगळ्यांचा दर काढला तर तो खाली जातो. नाव, आधार क्रमांक, फोटो काही घेऊ नका. कारखान्याचे नाव सांकेतिक ठेवा, आणि पाचपेक्षा कमी माणसे असलेला कुठलाही रकाना बाहेर दाखवू नका. ठेकेदार एका नजरेत माणूस ओळखतो, आणि कामावरून निघालेला माणूस त्याच रात्री खोलीवरूनही निघतो.

कागदावरचा हिशेब

समजा मिळालेले ताशी दर असे आहेत. स्थानिक : आठवीपर्यंत ६० रुपये, दहावी-बारावी ७२, आयटीआय-डिप्लोमा ९६. यादीप्रमाणे त्यांचे प्रमाण १०, ४० आणि ५० टक्के. परराज्यातले : ५६, ६० आणि ७६ रुपये, प्रमाण ४०, ५० आणि १० टक्के.

स्थानिकांची सरासरी ६ अधिक २८.८० अधिक ४८, म्हणजे ८२ रुपये ८० पैसे. परराज्यातल्यांची २२.४० अधिक ३० अधिक ७.६०, म्हणजे ६०. फरक २२ रुपये ८० पैसे.

आता परराज्यातल्यांचे शिक्षण आहे तसेच ठेवा, पण दर स्थानिकांचे लावा : २४ अधिक ३६ अधिक ९.६०, म्हणजे ६९.६०. स्थानिकांच्या सरासरीपासून हे १३ रुपये २० पैसे खाली आहे. तेवढा फरक शिक्षण कमी असल्याचा. उरलेले ९.६० दराचे. मग उलट बाजूने करा : परराज्यातल्यांना स्थानिकांएवढे शिक्षण द्या, पण दर त्यांचेच ठेवा : ५.६० अधिक २४ अधिक ३८, म्हणजे ६७.६०. या वाटेने शिक्षणाचा वाटा ७.६० आणि दराचा १५.२०.

एकाच माहितीतून दोन उत्तरे आली, आणि दोन्ही बरोबर आहेत. ज्याला 'शिक्षणच कारण' म्हणायचे तो १३.२० दाखवतो, ज्याला 'भेदभावच कारण' म्हणायचे तो १५.२०. दोन्ही छापा आणि मग सरासरी : शिक्षणाचा वाटा १०.४०, दराचा १२.४०. एव्हलिन किटागावा यांनी १९५५ साली ही सरासरीची रीत मांडली. पुढे १९७३ मध्ये रोनाल्ड ओहाका आणि अ‍ॅलन ब्लाइंडर यांनी हीच फोड रिग्रेशनवर, म्हणजे एकाच समीकरणात अनेक कारणांचा परिणाम वेगवेगळा मोजण्याच्या रीतीवर, नेली. आठवीपर्यंत गणित झालेला कामगारही किटागावांची रीत समजून घेऊ शकतो, म्हणून बैठकीत तीच दाखवावी.

तक्त्यातली खरी बातमी मात्र खालच्या ओळींत आहे. आठवीवरून दहावी-बारावीत गेल्यावर स्थानिकाला १२ रुपये जास्त मिळतात, परराज्यातल्याला ४. आयटीआय केल्यावर स्थानिकाला आणखी २४, परराज्यातल्याला १६. म्हणजे रुपयांत तोटा दोन्ही पायऱ्यांवर आठच, पण प्रमाणात पाहिले तर परराज्यातून आलेल्याचा सगळ्यात जास्त तोटा मधल्या पायरीवर होतो : तिथे त्याला स्थानिकाच्या वाढीचा तिसरा हिस्साच मिळतो, आयटीआयला दोन तृतीयांश. प्रमाणपत्रावर कामाचे नाव लिहिलेले असेल तर बाजार थोडे तरी मोल देतो. नुसत्या मैट्रिकला फेटलिंगच्या शेडमध्ये कोणी विचारत नाही. गावाकडे आईबापांनी मुलाला मैट्रिक करण्यासाठी किती ओढले असेल, याचा विचार केला की ही ओळ वाचवत नाही.

पण एवढ्यावर निष्कर्ष काढू नका, आधी संख्या पुरते का बघा. प्रत्येक वर्गात दरांचा पसारा, म्हणजे प्रमाणित विचलन, १५ रुपये धरा. परराज्यातले ४० आणि ५० जण : २२५ भागिले ४० अधिक २२५ भागिले ५०, त्याचे वर्गमूळ ३.१८. फरक ४ रुपयांचा आणि त्याची चूक (मोजक्याच माणसांना विचारल्यामुळे येणारी) ३.१८. फरक चुकीच्या साधारण दुप्पट तरी असावा लागतो, म्हणजे हा फरक शून्यही असू शकतो. स्थानिकांचा १२ रुपयांचा फरक ३.५४ च्या चुकीपुढे ठाम उभा राहतो. दोन्ही फरकांतले ८ रुपये मात्र ४.७६ च्या चुकीपुढे दुप्पट भरत नाहीत. दोन्ही गटांत पहिल्या दोन वर्गांची माणसे दीडपट केली तर चूक ३.८८ वर येते आणि ८ रुपये तिच्या दुपटीपेक्षा किंचित जास्त होतात. पहिल्या पन्नास मुलाखतींतच दरांचा पसारा काढून घेतला, तर पुढे किती माणसे लागतील ते तेव्हाच कळते.

रिग्रेशन करायचे असेल तर

जेकब मिन्सर यांनी १९७४ मध्ये रूढ केलेले समीकरण वापरा : ताशी दराचा नैसर्गिक लॉग एका बाजूला, दुसऱ्या बाजूला शिक्षणाची वर्षे, परराज्यातला असल्यास १ नाहीतर ०, या दोहोंचा गुणाकार, अनुभव आणि अनुभवाचा वर्ग. मिन्सर वयातून शिक्षणाची वर्षे आणि सहा वजा करून अनुभव काढत. आपल्याकडे ते चालत नाही. शाळा सोडून शेतात गेलेली, मग सुरत-लुधियानाला गेलेली वर्षे त्यात मिसळतात. फाउंड्रीतला एकूण अनुभव थेट विचारा आणि कोल्हापुरातला व बाहेरचा वेगळे घाला.

शिक्षणाच्या वर्षांतून आधी १० वजा करा. तसे न केल्यास 'परराज्यातला' या रकान्याचा आकडा अशिक्षित माणसापुरता निघतो आणि लोक तो सगळ्यांना लावतात. १० वजा केल्यावर तोच आकडा दहावी पासचा फरक सांगतो. तो उणे ०.२० आला तर फरक २० टक्के नव्हे, १८ टक्के. शिक्षणाचा आकडा ०.०६ आणि गुणाकाराचा उणे ०.०३ आला, तर अर्थ असा : एका वर्षाच्या शाळेला स्थानिकाला साधारण ६ टक्के जास्त दर, परराज्यातल्याला ३.

कारखान्यांचे रकानेही घाला, नाहीतर कमी पगाराच्या कारखान्यात परराज्यातले जास्त आहेत, एवढेच पुन्हा मोजले जाते. एक्सेलच्या रिग्रेशनमध्ये सोळापेक्षा जास्त रकाने बसत नाहीत आणि ते शेजारी शेजारी असावे लागतात. बारा कारखान्यांचे अकरा रकाने आणि वरचे सहा-सात धरले की ते पुरत नाही; ग्रेटल किंवा आर ही संख्याशास्त्राची सॉफ्टवेअर फुकट मिळतात, ती घ्या.

विभागाचा रकाना घालण्याआधी थांबा. फेटलिंगमधल्यांची फेटलिंगमधल्यांशीच तुलना केली, तर फरक जवळपास नाहीसा होतो आणि कोणीतरी 'समान काम, समान दाम' म्हणून फाइल बंद करतो. पण दहावी पास परराज्यातला फेटलिंगमध्ये आणि दहावी पास स्थानिक मशीनवर का, यातच शिक्षणाचा दर हरवलेला असतो. आधी विभागाशिवाय चालवा, मग विभागासह, आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवा. कायम की ठेक्यावर, या रकान्याचेही तसेच. स्थानिक मुलगा आयटीआयनंतर अप्रेंटिस म्हणून आत येतो, वर्षभरात त्याला सुपरवायझर ओळखतो, जागा निघाली की नाव पुढे जाते. ठेकेदारामार्फत आलेल्याचे प्रमाणपत्र कारखान्याने पाहिलेलेच नसते.

उरलेल्या आकड्याला काय नाव द्यायचे

दराच्या वाट्याला सरळ 'भेदभाव' म्हणू नका. त्यात शाळेचा दर्जा, भाषा, कागदपत्रे, ठेका आणि भेदभाव, सगळे आहे. चाचणीचा गुण घालून पुन्हा चालवा. गुण घातल्यावर गुणाकाराचा आकडा शून्याकडे सरकला, तर शाळांचा दर्जा हे मोठे कारण. सरकला नाही, आणि सारखे गुण मिळवणाऱ्या दोघांत फरक तेवढाच राहिला, तर कारखान्याच्या भरतीकडे बोट दाखवायला आधार मिळतो. मराठीचा रकाना घातल्यावर आकडा हलला तर संध्याकाळचा मराठीचा वर्ग कामाचा. प्रमाणपत्र गावी असलेल्यांचा दर आठवी पासएवढाच निघाला तर ते डिजिलॉकरवर मिळते का ते बघायचे किंवा आयटीआयकडून दुय्यम प्रत मागवायची. एवढ्याने दर्जा बदलू शकतो. कागद नसलेल्या कुशल कामगारासाठी आधी शिकलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सरकारी सोय आहे. पण ते प्रमाणपत्र घेतल्यावर दर्जा बदलेल, असे कारखान्याकडून आधी लेखी घ्या.

युनियनला हा अहवाल वापरायचा असेल तर एक गोष्ट कायद्याची आहे. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांच्या १९७९ च्या कायद्यानेच त्याच किंवा तशाच कामाला स्थानिकापेक्षा कमी वेतन देता येणार नाही असे ठरवले. तो कायदा पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. पण कायदा सारख्या कामाची तुलना करतो, सारख्या शिक्षणाची नव्हे. म्हणून तक्रारीला विभागासहचा आकडा लागतो, आणि भरती-बढतीच्या वाटाघाटीला विभागाशिवायचा. दोन्ही एकाच अर्जात मिसळले की दोन्ही पडतात.

इथे दहा वर्षे राहिलेल्यांचा दर नव्यांपेक्षा जास्त दिसेल. त्यावरून 'हळूहळू बरोबरी होते' असे लिहिण्याचा मोह टाळा. बॅरी चिसविक यांनी १९७८ मध्ये अमेरिकेतल्या स्थलांतरितांबद्दल असेच मांडले होते. १९८५ मध्ये जॉर्ज बोर्हास यांनी दाखवले, की एका वेळच्या माहितीत जुने आणि नवे आलेले मुळातच वेगळे असू शकतात. कोल्हापुरात त्यात परतणाऱ्यांची भर पडते : ज्यांचे जमले नाही ते गावी गेले, खोलीवर भेटतात ते टिकलेले. उपाय एकच, तीच माणसे वर्षाने पुन्हा गाठायची. मोबाइल नंबर बदलतात, म्हणून संमतीने गावाकडच्या भावाचा किंवा वडिलांचा नंबर घ्या, पगाराच्या फॉर्मपासून वेगळ्या वहीत, सांकेतिक क्रमांकासह. गावी परतलेल्याला फोनवर तिथला दर आणि तिथले काम विचारा, आणि दरमहा किती तास काम मिळते तेही; त्याचा फॉर्म कोऱ्या रकान्यांनी भरून टाकला, तर टिकलेल्यांचीच सरासरी पुन्हा वर जाते.